चकलीचं तेल आणि चाचीची पिशवी

गेल्या शनिवारी चकल्यांनी मला पार गोत्यात आणलं.

दिवाळीचा पहिला घाणा निघाला, तेल टिपायला ताटात पसरलेले पेपर गोळा केले आणि जिन्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून आले. डबा भरलेला होता, दोन-तीन पानं बाहेरच लोंबत राहिली... मी काही लक्ष दिलं नाही.

आमच्याकडे पेपर येणं कधीच बंद झालंय, बातम्या फोनवर. त्यामुळे रद्दी तळमजल्यावरच्या चाचीकडून आणते. चाचा उर्दू पेपर घेतात. मला त्यातलं अक्षर कळत नाही, पण चकलीला त्याचं काय.

अर्ध्या तासात बिल्डिंगच्या ग्रुपवर फोटो. दुसऱ्या मजल्यावरच्या इरफानने टाकलेला. तेलकट पान, त्यावर कुराणाची आयत छापलेली, शेजारी बटाट्याची सालं. खाली एवढंच... 'ये किसने किया?'

मग काय, एकाने पोलिसांत तक्रार करू म्हटलं, दुसऱ्याने कोणतं कलम लागतं तेही सांगितलं. आमच्यातले दोघं 'एका पेपरवरून एवढं काय' म्हणत मध्ये पडले आणि मागची सगळी उणीदुणी निघाली. भिवंडीत वाढलेल्या माणसाला अशा वेळी जुन्या दंगली आठवतात, मलाही आठवल्या. लेकीची क्लासवरून यायची वेळ झाली होती आणि जिन्यात माणसं जमली होती.

गंमत म्हणजे महिन्याभरापूर्वी मीच इथे माझ्या वॉलवर लांबलचक लिहिलं होतं, हल्ली लोकांच्या भावना फार लवकर दुखावतात म्हणून. लाइक्स बघून खूशही झाले होते. आता तीच मी 'सॉरी' टाइप करत होते आणि पुसत होते... माफी मागितली तर घाबरून मागितली म्हणणार, नाही मागितली तर मुद्दाम केलं म्हणणार.

तेवढ्यात चाचीची व्हॉइस नोट आली. तिला टाइप करता येत नाही.

"पेपर मेरे घर का है. ऐसे पन्ने मैं हमेशा अलग निकालती हूँ, इस बार आँख के ऑपरेशन में रह गया. गलती मेरी है. वैशाली को कोई कुछ नहीं बोलेगा."



मी धावत खाली गेले. चाची काळा चष्मा लावून पलंगावर बसली होती. तिला बघून मला रडूच आलं. म्हटलं, "चाची, मला वाचता येत नाही, पण तुला विचारता तर आलं असतं. माफ कर."

तिने नुसता माझा हात थोपटला. मग पलंगाखालची कापडी पिशवी ओढायला सांगितली. आत बघते तर माझ्याच घरून तिला गेलेल्या वस्तू... इतक्या वर्षांच्या फराळाच्या पिशव्या, मिठाईचे बॉक्स, नणंदेची लग्नपत्रिका. प्रत्येकावर गणपती.

चाची मूळची पडघ्याकडची, माझ्याशी गावच्या बोलीत बोलते. म्हणाली, "तुमचा देव हाय त्याच्यावर, कचऱ्यात कसा टाकू? कुठं सोडायचा ते म्हाईत न्हाय, म्हणून ठेवला. आता घेऊन जा, पलंगाखाली जागा न्हाय राहिली."

रडता रडता हसले मी.

संध्याकाळी इरफान घरी आला. फोटो त्याने काढून टाकला होता. रस्त्यावर असा कागद दिसला की त्याचे आजोबा उचलून भिंतीच्या फटीत ठेवायचे, त्यामुळे बघून जीव कळवळला म्हणाला... पण आधी दार वाजवायला हवं होतं, हेही म्हणाला. त्याचं दुखणं खरं होतं. मी त्यालाही सॉरी म्हटलं, गरम चकल्या दिल्या.

माझी जुनी पोस्ट मी काढणार नाही. बोलायची मोकळीक हवीच, आणि कलमाच्या धाकाने कुणी माफी मागू नये, हे मला आजही वाटतं. पण त्या दिवशी ग्रुपवर निघत नसलेली माफी चाचीपुढे कुणी न मागता निघाली.

पिशवी आता माझ्याकडे आहे. निर्माल्याबरोबर नेऊन द्यायचीय, अजून हात धजत नाही...

कारण खरं सांगू? तसले गणपतीचे बॉक्स मी स्वतः इतकी वर्षं सरळ कचऱ्यात टाकत आले होते.