तटाबाहेरच्या काड्या

हिल्डा परेराने वसईच्या शाळेत उभा जन्म इतिहास शिकवला आणि चुकीचं उत्तर कधी कुणाचं खपवून घेतलं नाही. नवरा गेला. घर बिल्डरच्या घशात गेलं, आणि बिल्डरचा टॉवर अजून पायातच रुतून बसलाय. मग ती ओमानला, बरक्याला, लेकाकडे राहायला आली. ऑलविन सोहारच्या औद्योगिक वसाहतीत सुपरवायझर, आठवड्याला एकदा घरी यायचा. सून लॉरा हॉटेलात रिसेप्शनला. राहता राहिली नात तान्या, तिची शाळा आणि शाळेचे प्रोजेक्ट.

त्या सुट्टीत तान्याला इतिहासातलं एखादं शहर करून न्यायचं होतं. पोरीला ताजमहाल हवा होता. "ताजमहाल सगळेच करतात," म्हणून हिल्डाने तो मोडीत काढला आणि फ्रान्समधलं ला रोशेल घ्यायला लावलं. समुद्रकाठचं तटबंदीचं गाव, चारशे वर्षांपूर्वी राजाच्या फौजेने वेढलेलं. थर्माकोलचे तट उभे राहिले. बाहेरून गलबतं येऊ नयेत म्हणून राजाच्या माणसांनी बंदराच्या तोंडावर बांध घातला होता, तो चपलांच्या खोक्याचा झाला. माणसं काडेपेटीतल्या काड्यांची. बाहेर पंख्यालाही घाम फुटेल असं ऊन, आत आजी-नातीचा वेढा जोरात.

"ग्रॅनी, हे लोक मध्ये का उभं आहे?"

"उभे आहेत, म्हण. त्यांना गावाने बाहेर काढलं. अन्न पुरेना, म्हणून म्हातारे, बायका, पोरं, ज्यांना लढता येत नाही ते सगळे."

"मग राजा त्यांना घेतलं?"

"राजाच्या शिपायांनी परत पिटाळलं. मागे गावाचा दरवाजा बंद. मधल्या पट्टीत गवत उपटून खाल्लं, आणि मेले."

"दॅट्स सो मीन. मी गेट ओपन ठेवते."

"नाही ठेवायचं. खोटं नको."

तान्याने तोंड फुगवून दरवाजा लावला.

त्याच आठवड्यात गावाहून मसाला आला. वसईला बाटलीचा मसाला वर्षातून एकदाच, उन्हाळ्यात कुटतात आणि बियरच्या तपकिरी बाटल्यांत काठीने ठासून भरतात. हिल्डाच्या घराण्याचा हिशेब सरळ होता: माणशी एक बाटली, वर आल्यागेल्यासाठी एक. म्हणून तिने चुलतबहिणीला पाच सांगितल्या होत्या. शेजारचा लेस्ली सुट्टीवरून येताना त्या कपड्यांत गुंडाळून घेऊन आला.

लॉराने त्या ओट्यावर मांडल्या. फडक्याने पुसल्या. तीन कपाटात ठेवल्या आणि दोन लेस्लीच्या बायकोसाठी पिशवीत घातल्या.

"चौथी का गं देतेस?" हिल्डाने विचारलं.

"एवढा कुणाला लागतो मम्मी?"

लॉरा काही दुष्ट नव्हती. पण तीही वसईचीच लेक, माहेरी आईला करताना पाहिलेलं, तशीच तिच्या हाताने घरातली माणसं मोजली होती. तोंड सांभाळायचं तिला सुचलं, हात सांभाळायचा राहून गेला. हिल्डाने कपाटातल्या बाटल्या बोटावर मोजल्या: ऑलविन, लॉरा, तान्या.

शुक्रवारी जेवताना तिने लेकाला सरळच गाठलं. "मला कधी पाठवताय?"

ऑलविनचा घास हातातच राहिला. "तुला कोण बोललं?"

"कुणी नाही. सांग आता."

मग त्याने सांगितलं. कारखान्याने अर्धी माणसं कमी केली, त्यात तोही. ओमानच्या पार दुसऱ्या टोकाला, सूर गावात, नोकरी मिळाली होती, पण कंपनीची खोली एकट्यापुरती. इथलं घर सोडायचं. लॉरा आणि तान्या लेस्लीच्या घरात एक खोली घेऊन राहणार.

"आणि मी?"

"वसईला सिस्टरांच्या वृद्धाश्रमात विचारून ठेवलंय. चांगलं आहे गं, चॅपल आहे, डॉक्टर येतो. थोडे दिवस. मी सेटल झालो की बोलावतो. इन्शाल्ला."

"इन्शाल्ला नको. महिना सांग."

ऑलविन भात चिवडत राहिला. लॉरा तळलेल्या तुकडीतले काटे काढत होती. सुरमईला असे काटे असतात कुठे?

"तुमच्या साहेबाने पगारवाढीला इन्शाल्ला म्हटलं की त्याचा अर्थ 'नाही' समजायचा, असं तूच सांगितलं होतंस ना मला?"

"मम्मी, प्लीज."

"बरं. तिकीट काढ."

ती रडली नाही. रडणाऱ्या म्हातारीला लोक दोन दिवस जास्त ठेवून घेतात एवढंच, आणि ते दोन दिवस तिला नको होते.

जायच्या सकाळी बॅग दाराशी लागली. ऑलविन खाली एसी लावून गाडी थंड करत होता. हिल्डाने टेबलावरच्या ला रोशेलवर शेवटची नजर टाकली. फौज चिकटवलेली, तटावरचे लोक चिकटवलेले. मधल्या पट्टीतल्या काड्या मात्र नुसत्याच मातीत टेकवलेल्या.

"यांना गम का नाही लावलास?"

तान्या दाराकडे बघून हळूच म्हणाली, "टीचरने बघितलं की मी त्यांना आत घेणार."

हिल्डा खुर्ची ओढून बसली. गमची बाटली उघडून तिने एकेक काडी उचलली, बुडवली आणि होती तिथेच, तटाबाहेर, दाबून बसवली. "बसमध्ये पडतील नाहीतर," ती म्हणाली.

खालून हॉर्न वाजला.

"ग्रॅनी, तू परत येणार ना?"

हिल्डाने बोटाला लागलेला गम पदराला पुसला.

"इन्शाल्ला," ती म्हणाली, आणि बॅग उचलली.