काकांच्या शेतातलं बाहेरचं यंत्र

मी आज जो काही आहे तो कर्वेनगरच्या माझ्या घरमालक काकांमुळे, आणि माझे निम्मे केस वेळेआधी पिकले तेही त्यांच्यामुळेच. हिंगोलीहून इंजिनिअरिंगला आलो तेव्हा माझा शिष्यवृत्तीचा अर्ज काकांनी भरून घेतला. आमच्या घरात अर्ज वाचू शकणारा मी पहिलाच, आणि तोही मागची बाजू न वाचणारा. काका मागची बाजू आधी वाचत. औषधाच्या खोक्यातली घडीची चिठ्ठी, बसच्या तिकिटावरची बारीक अक्षरं, सगळं. नव्या मिक्सरची माहितीपुस्तिका वाचून संपेपर्यंत त्यांनी तीन दिवस चटणी पाट्यावर वाटली होती.

निवृत्तीनंतर ते कॉम्प्युटरवर शेतीचा एक खेळ खेळू लागले. टोरांटोतल्या मुलीचं शेत त्यांच्या बांधाला लागून होतं. ती ऑफिसला गेली की हे तिच्या वांग्यांना पाणी देत, हे झोपले की ती यांच्या. फोनवर दोघं मोजकंच बोलत. खुशाली वांग्यांवरून कळे.

मग काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मुलीला कळवायचं नाही, ती सगळं टाकून धावत येईल, हा हुकूम. पण पंधरा दिवस स्क्रीन बंद म्हणजे शेत वाळणार, आणि शेत वाळलं की तिला कळणार. मी म्हटलं, तुमच्या खात्यावरून मी पाणी देतो. खातं दुसऱ्याच्या हाती देता येत नाही, म्हणाले. मग मी आपोआप क्लिक करणारा छोटासा प्रोग्रॅम सुचवला. तेव्हा डोळ्यावर पट्टी बांधलेल्या काकांनी खेळाची अख्खी नियमावली माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतली. बाहेरचं कोणतंही यंत्र वापरून खेळू नये, या ओळीशी त्यांनी हात वर केला.

"काका, तुमच्या टाकीचा पंपही आपोआपच बंद होतो ना?"

"पंपाच्या अटींवर मी होकार दिलेला नाही."

मी वैतागलो, आणि त्यांना न सांगता प्रोग्रॅम लावला. आठवडाभर शेत झकास. मग मुलीचा फोन आला: बाबा, दर दहा मिनिटांनी पाणी देताय, जेवता कधी? काकांनी फोन ठेवला आणि कंपनीला कबुलीचं पत्र टाइप करायला मलाच बसवलं. मी माझं नाव घालू लागलो.

"ते खोड. खातं माझं आहे."

दोन दिवसांत खातं बंद झालं. मुलीला शेजारचं शेत दिसेना. तिनं फोन केला आणि काकांना खरं सांगावं लागलं. ती मिळेल त्या विमानानं आली. काका मला रागावले नाहीत. फक्त मला 'तू'ऐवजी 'आपण' म्हणू लागले. ते सोसेना, म्हणून मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, मांजरी गावात खोली घेतली. तिथून हे पत्र टाकलं:

"ती. काकांना सा. न.

ताई परत गेल्याचं कळलं. तो नियम तुमच्यासारख्यांसाठी नव्हता असं मला अजूनही वाटतं. पण तुमच्या डोळ्यावर पट्टी असताना मी तो मोडला, याची लाज वाटते. तुमचं खातं आता उघडणार नाही, म्हणून ताईंच्या बांधाला मी माझ्या नावानं शेत घेतलं आहे. हातानं पाणी देतो. या आठवड्यात दोन दिवस त्या शेतावर आल्या नाहीत, म्हणून निरोप टाकून विचारलं. ताप होता. बाबांना कळवू नकोस म्हणाल्या. मी कळवतो आहे. फोन करा."