दांड्याभोवतीची दोरी

ग्रीसचा वास आला की काकाची मोटरबोट आठवते. कुहीकडे धरणात बुडालेल्या आमच्या गावावरून तो लोकांना पलीकडे नेई. इंजिनामागे हात जेमतेम शिरायचा. पंख्याचा दांडा बोटीच्या बुडातून बाहेर जाई, तिथे पाणी अडवायला त्याच्याभोवती गुंडाळलेली ग्रीस माखलेली दोरी आवळताना त्याची बोटं सोलून निघत, तरी पाणी थेंब थेंब आत यायचंच. वैतागून त्याने दोरीच्या जागी बसवायला रबरी सील आणलं. बाबा म्हणाले, "दोरीच राहू दे गा. गळते म्हणून तुयं लक्ष राहते." काका हसला, "भाऊ, याले पाहाच लागत नाही." तेवढ्याशा जागेत ते रबर दुमडून बसलं, इंजिनाला घासत राहिलं आणि भर पाण्यात फाटलं; बोट भरून बुडाली. सवारी नव्हती, काका एकटाच होता. जुन्या गावच्या पिंपळाशी त्याचा देह सापडला. आता नागपूरच्या घरात मोरीतला नळ गळतो. मी वॉशर बदलायला बसलो की बाबा म्हणतात, "गळू दे गा."