गौतमच्या कमरेचा दोर

मी फौजेत होतो म्हटलं की आमच्या कंधारकडचा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "बॉर्डर कोणती होती?" मी म्हणतो, "समुद्र." मग तो "अस्सं" म्हणतो आणि पावसापाण्यावर येतो. बर्फ सांगितलं असतं तर बसवून चहा पाजला असता. बुडणाऱ्या मच्छीमारांना बाहेर काढायची नोकरी म्हणजे यांच्या लेखी फौजच न्हाई. सांगून सांगून तोंड दुखलं. आता एकदाच नीट सांगतो.

माझं पोस्टिंग कोकणातल्या एका लहान बंदरावर होतं. एक रेस्क्यू बोट, पाच माणसांचा क्रू. ०५३० ला पीटी, मग इंजिन चेक, रेडिओ चेक, मग ड्रिल. पाचांत आम्ही दोघं मराठवाड्याचे. मी, आणि निलंग्याकडचा गौतम. गौतम भरती झाला तेव्हा त्याचा जिल्हा उस्मानाबाद. एकदा सुट्टीवर गेला आणि परत आला तो लातूर जिल्ह्याचा होऊन. रेकॉर्डमध्ये जिल्हा बदलून घे, असं मी त्याला दहा वेळा म्हणालो. तो म्हणायचा, "गाव तर तिथंच हाय की! जिल्हा पळाला तर पळू दे." लई हसायचा. मला राग यायचा.

आम्ही दोघं पाण्याचे नव्हे, विहिरीचे. बहात्तरच्या दुष्काळात दोघांनीही आपापल्या गावी आटलेल्या विहिरींतला गाळ उपसला होता. कमरेला दोर बांधून एकानं उतरायचं, दुसऱ्यानं वर दोर धरायचा. एक हिसका म्हणजे सोड. दोन हिसके म्हणजे ओढ. विहिरीत दोर हलला तर तो माणसानंच हलवलेला असतो. तिथं शंका घ्यायची नसते, उशीर झाला तर माणूस गुदमरतो.

समुद्रावर तसं नाही. आमचे चीफ साहेब ड्रिलला रोज ओरडायचे, "रस्सी मत देख, हाथ देख! रस्सी को लहर भी खींचती है." पाण्यातल्या माणसाचा हात वर दिसला तर ओढायचं. हात दिसत नसेल तर ढील द्यायची आणि थांबायचं. डोक्याला कळायचं, पण हातांना कळायचं न्हाई. हिसका बसला की मी ओढायचो. त्यापायी शिक्षा म्हणून ग्राउंडला किती चकरा मारल्या त्याची मोजदाद न्हाई. गौतम म्हणायचा, "तुझे हात अजून हिरीतच हायत बघ."

आणि ते मच्छीमार! त्यांच्यापुढं तर आम्ही हात टेकले होते. पावसाळा सरला की रावस किनाऱ्याला येतो, खाडीच्या तोंडाशी, खडकांच्या जवळ. हेही त्याच्या मागं तिथंच जाळं टाकणार. वारा सुटला, बाबांनो परत फिरा, म्हणून रेडिओवर घसा फोडला तरी "हो हो साहेब" म्हणणार आणि तिथंच राहणार. लाइफ जॅकेटं दिली होती, ती उशाला घ्यायचे. विचारलं तर म्हणायचे, जॅकेट घालून जाळं ओढता येत न्हाई. तेही खोटं नव्हतं, म्हणून तर जास्त चिडचिड व्हायची.

त्या दिवशी ०९२० ला मेसेज आला. बोट बंद, चार माणसं, इंजिनाच्या पंख्यात जाळं अडकलंय, खडक जवळ.

०९५० ला आम्ही पोहोचलो. जाळ्याचं दुसरं टोक तळाशी खडकात रुतलं होतं. त्यामुळं बोट शेपटी धरल्यासारखी अडकली होती आणि मागून लाटा आत येत होत्या. आमची बोट चाळीस मीटरच्या आत नेता येत नव्हती. गौतम कमरेला लाइन, म्हणजे आमचा दोर, बांधून पोहत गेला. टो करायचा दोर त्यानं पुढच्या बाजूला बांधला. आता जाळं कापलं की ओढून न्यायचं, दहा मिनिटांचं काम.

तांडेल, म्हणजे त्या बोटीचा म्होरक्या, जाळ्यावर आडवा पडला. "जालं नाय कापू देनार! रावस भरलाय."

"अरे, जीव जाईल की!" गौतम ओरडला.

"जालं गेलं तरी जीवच जातो."

वीस मिनिटं! बोटीत गुडघाभर पाणी आलं आणि हा बाबा जाळं सोडीना. मी इकडून जेवढ्या शिव्या येत होत्या तेवढ्या दिल्या. शेवटी त्याच्याच खलाशांनी त्याला धरून मागं ओढलं. पंखा पाण्याखाली होता. जॅकेट घालून बुडी मारता येत न्हाई, म्हणून गौतमनं जॅकेट काढलं, चाकू घेतला आणि खाली गेला.

लाइन माझ्या हातात होती. हात दिसत नव्हता. आमची बोट चालवणारा कॉक्सन म्हणाला, "होल्ड. ढील दे." मी ढील दिली.

मग दोन हिसके बसले. ठळक.

मी ओढलं.

त्याच वेळी जाळं तुटलं आणि मच्छीमारांची बोट सुटून पुढं आली. चारही माणसं वाचली. लाइन मात्र येईना. सुटलेलं जाळं तिच्याभोवती फिरलं होतं, आणि मी ओढलं तसं ते गौतमभोवती आवळत गेलं होतं. त्याला वर काढायला अकरा मिनिटं लागली. बोट बंदराच्या धक्क्याला लागेपर्यंत चीफ साहेबांनी त्याच्या छातीवर दाब दिला. काही उपयोग झाला नाही.

चौकशीत साहेबांनी विचारलं, "सिग्नल मिळाला?"

"येस सर."

"हात दिसला?"

"नो सर."

समुद्र खवळलेला होता, कुणाचाही दोष नाही, असं लिहिलं गेलं. शिक्षा दिली असती तर बरं झालं असतं. ते हिसके त्याचे होते की लाटेचे, मला आजही माहीत नाही.

मृतदेहाबरोबर मला पाठवलं. तार जुन्या जिल्ह्याच्या पत्त्यावर फिरत राहिली. गावाच्या वेशीवर पोहोचलो तेव्हा घरी कुणाला काहीच ठाऊक नव्हतं. गाडी थांबवून मी पुढं चालत गेलो. त्याची माय दारात तूर पाखडत होती. वर्दी बघून आधी हसली, म्हणाली, "गौतम मागून यायलाय का?" मी सांगितलं ते एवढंच. समुद्रात गेला, चौघांना वाचवून गेला. दोराचं बोललो न्हाई.

रिटायर झाल्यावर पुन्हा तिच्याकडं गेलो. कमरेत वाकली होती, पण आवाज तोच. या वेळी सगळं सांगितलं. हिसके, जाळं, अकरा मिनिटं, सगळं. ती मला हाकलून देईल याची तयारी ठेवूनच गेलो होतो.

ती म्हणाली, "दोर तुझ्या हातात व्हता?"

"हाव."

"सोडला न्हाईस?"

"न्हाई. त्याला वर काढला तवाच सोडला."

तिनं पदर तोंडाला लावला आणि रडली. मग एकदम माझ्यावर उखडली.

"इतकी वरसं मला वाटायलं, लेकराचा दोर धरायला तिथं कुणीच नव्हतं. हे आधी सांगायला तुला काय झालं व्हतं रे?"