आई आत आहे

आईच्या वर्षश्राद्धासाठी तिचा फोटो मोठा करून घ्यायला मी शशीकाकांच्या स्टुडिओत गेले होते. माझ्या लग्नात तो त्यांनीच काढला होता. काकांनी जुनी डिस्क जोडली आणि पडद्यावर नखाएवढी आई दिसली, मान किंचित बाजूला वळलेली. काकांनी तिच्यावर दोनदा क्लिक केलं. पडदा राखाडी झाला.

"त्या कॅमेऱ्याच्या कंपनीचा स्वतःचाच फाइलप्रकार होता," ते म्हणाले. "कंपनी बुडाली. आता कुठलंच सॉफ्टवेअर ही उघडत नाही. बाहेर दिसतो तो फाइलला जोडलेला छोटा नमुना, तो मोठा केला तर नुसते ठिपके. कुणालाही उघडता येईल अशा खुल्या प्रकारात तेव्हाच बदलून ठेवायची, तर मी अस्सल तेवढी ठेवली आणि बाकीच्या प्रती पुसल्या." मग हळूच म्हणाले, "पण अगं, वहिनी आहेत आत. पदराच्या काठासकट आहेत."

घरी आजीची एक निगेटिव्ह आहे. खिडकीशी धरली की काळा चेहरा आणि पांढरी बुबुळं घेऊन आजी समोर येते. लहानपणी मी तिला फार घाबरायचे. पण ती येते तरी. तिला उजेडाखेरीज कुणाची परवानगी लागत नाही.

डिस्क आता माझ्याकडे असते. दुपारी घर रिकामं झालं की दारावर थाप मारावी तसं मी दोनदा क्लिक करते. पडदा राखाडी होतो. बंद केला की पुन्हा ती नखाएवढी आई.

काल मात्र वाटलं, तिची मान थोडी इकडे वळली आहे.