बॅटरी वहिनींच्या हातात होती

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की चहा टाकायच्या निमित्ताने उठून जाणारा माणूस मी. बोईसरच्या एका कारखान्यात मीटर-सेन्सर दुरुस्त करतो. बिघाड म्हटला की त्याला कारण असतंच, यावर तर माझं पोट चालतं. तेव्हा हसायचं तर खुशाल हसा, पण आधी वाचून घ्या...

राहायला पामला. नाद हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी वायरलेसचा. माझा हातात मावणारा पोर्टेबल सेट बरेच दिवस छळत होता — मध्येच मुका व्हायचा, आणि तपासायला घेतला की शहाण्यासारखा चालायचा. असल्या लपून बसणाऱ्या फॉल्टने डोकं फिरतं.

एका दुपारी मुरब्याहून हिरावहिनींचा फोन आला. त्यांचा नवरा धर्मा, माझा शाळेपासूनचा दोस्त, पहाटे एकटाच छोटी होडी घेऊन गेला होता तो परतला नव्हता. मोबाइल लागत नव्हता, वारा सुटलेला. माझ्या सेटवर बोटींच्या वायरलेसचं बोलणं ऐकू येतं हे वहिनींना ठाऊक होतं. मी सेट आणि दुरुस्तीचं सामान घेऊन तसाच बाइकवर निघालो.

त्यांच्या जाळ्यांच्या शेडमध्ये बसलो. बाकीच्या बोटी दक्षिणेला, केळव्याच्या बाजूला शोधत होत्या, कारण धर्माचं जाळं तिकडे. सेट लावला — खरखर, मग एकदम शांत. नेमका आजच! बॅटरीचे पॉइंट खोडरबरने घासले, अँटेना हलवून पाहिली. सॉकेटजवळ दाबलं की आवाज यायचा, सोडलं की गेला. म्हणजे आतला सोल्डरचा डाग सुटलेला. सापडला एकदाचा. डाग द्यायचा तर आधी बॅटरी काढायची, हा माझा नियम. ती वहिनींच्या हातात दिली, अँटेना बाजूला ठेवली, सेट उघडला आणि सोल्डरिंग गन तापायची वाट बघत बसलो.

आणि सेट बोलला.

आवाज धर्माचा. खरखर नाही, काही नाही... समोर बसून बोलावं इतका स्वच्छ. “आई, ऐक. मी मुरब्याचा धर्मा. इंजिन बंद पडलंय, होडीत पाणी येतंय. समोर तारापूरच्या चिमण्या दिसतात, वारा उत्तरेला नेतोय. हिराला एकटी ठेवू नको.”

वहिनींनी हात पुढे केला. बॅटरी हातातच होती. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पण खरं सांगतो, भीती नाही वाटली. देवळातसुद्धा मला कधी वाटलं नव्हतं असं काहीतरी वाटलं, आणि हात आपोआप जोडले गेले.

भानावर आधी वहिनी आल्या. “भावजी, बोटींना तारापूरकडं जायला सांगा.” मी बंदरावर धावलो. तिथे कुणाला काय सांगणार? धर्मा वायरलेसवर बोलला म्हणून ठोकून दिलं. बोटी वळल्या आणि अंधार पडायच्या आत धर्मा सापडला — होडी अर्धी बुडालेली, हा तिला धरून.

घरी आल्यावर विचारलं, वायरलेस केव्हा लावलास? वायरलेस पहिल्याच लाटेत पाण्यात गेला होता म्हणे. मग त्याने गावाकडे तोंड करून गावदेवीला गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं कधी मोघम नसतं — कोण, कुठला, कुठे अडकलाय, सगळं देवीला मोठ्याने, नीट सांगायचं. मी ऐकलेलं एकेक करून सांगू लागलो. शब्द न् शब्द तेच होते.

शेवटचं वाक्यही सांगितलं, हिराला एकटी ठेवू नको... धर्माने चहाचा कप खाली ठेवला.

“ते मी तोंडानं बोललोच नाय,” तो म्हणाला. “ते नुसतं मनात आलं होतं.”

वहिनी पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.

सेटचा डाग मी नंतर दिला, फॉल्ट गेला. हे कोडं मात्र सुटलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर आता मी ते सोडवायला बसतही नाही.