मालडब्याच्या पोटाखालची फुली

आधीच सांगतो, या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी नेमाने वाचतो, पण जेवणानंतर बडीशेप चघळावी तसे. विश्वास वगैरे कधीच नव्हता. हडपसरच्या एका कारखान्यात क्वालिटीत आयुष्य काढलेला माणूस मी. जे मोजता येत नाही ते नसतंच, असं म्हणून समोरच्याला गप्प करायचं ही माझी जुनी खोड. बायको, मेधा, तिला आगाऊपणा म्हणते. तेव्हा हे वाचून हसायचं तर खुशाल हसा... मीही तुमच्यावर हसलोच आहे.

आम्ही वारज्याला राहतो, तिसऱ्या मजल्यावर. हॉलच्या गॅलरीला काचा लावून तिथे मी माझं टेबल मांडलंय. छंद — रेल्वेची मॉडेल्स, त्यातही फक्त मालडबे. परदेशी बनावटीचा तयार डबा घ्यायचा, बारीक करवतीने कापायचा, लांबी कमी करायची आणि त्यातून आपल्याकडचा जुना चारचाकी उघडा डबा उभा करायचा. जेमतेम बोटभर लांब. मग गंज, कोळशाची धूळ, पत्र्याला आलेले पोचे — सगळं ब्रशने रंगवायचं आणि शेवटी वरून पारदर्शक लॅकरचा फवारा मारायचा. लॅकर वाळलं की त्याच्या खालचं सगळं कुलूपबंद.

माझे सासरे, अण्णा, चार वर्षांपासून आमच्याकडे असतात. वय चौऱ्याऐंशी. नोकरी रेल्वेत, मालगाड्या तपासण्याची. यार्डात उभ्या गाडीचा एकेक डबा बघायचा, दोष दिसला की खडूने फुली मारून तो 'सिक' करायचा. सिक डबा गाडीतून काढून ठेवतात.

पंचेचाळीस वर्षांपूर्वी असा एक डबा गाडीतून निघाला नाही. वाटेत त्याचा ॲक्सल तापून तुटला, गाडी घसरली आणि त्या गाडीचे गार्ड, अण्णांचे जिवलग मित्र, दोन्ही पायांनी अधू झाले. अण्णा म्हणत होते, मी फुली मारली होती. चौकशीत डब्याच्या बाजूवर फुली मिळाली नाही. पाऊस होता, खडू धुऊन गेला असेल, असंही कोणी म्हणालं. शिक्षा किरकोळच झाली. पण महिन्याभरात अण्णांना स्वतःलाच खात्री वाटेनाशी झाली — मारली होती, की मारली असं नुसतं वाटतंय?

तेव्हापासून हा माणूस स्वतःवर विश्वास ठेवत नाही. गॅसचं बटण तीनदा बघतात. फिरायला निघाले की दार ओढून घेतात, जिन्यापर्यंत जातात, परत येऊन दार ढकलून बघतात. "मेधा, लागलं ना ग?" चार वर्षांत एक दिवस चुकलेला नाही. मी पाहुण्यांसमोर यावरून त्यांची टिंगलही केली आहे. आता त्याची लाज वाटते.

मागच्या महिन्यातली गोष्ट. रविवार, दुपारचे साडेचार. नवा डबा तयार होता, लॅकर आदल्या दिवशी मारलेलं. अण्णांची बघण्याची पद्धत ठरलेली आहे. डबा हातात घेतला की आधी उलटा. "वरून काय, कुणीही बघेल श्रीकांतराव. आपण खालून बघायचं." म्हणून तर मी खालचे ब्रेकचे दांडे, स्प्रिंगा, जे कुणाच्या बापाला दिसणार नाही तेही घडवत बसतो. परीक्षकच तसा घरात आणून ठेवलाय.

त्यांनी भिंग लावलं. डबा उजेडाकडे वळवला. मला वाटलं, झालं, आता चूक काढणार.

"हे तुम्ही काढलंत?"

"काय?"

"ही फुली."

मी खाली काहीच काढलेलं नव्हतं. भिंग घेऊन बघितलं. चाकामागे, सांगाड्याच्या पट्टीच्या आतल्या अंगाला एक पांढरी फुली होती. तिच्याभोवती गोल, आणि गोलातून खाली ओढलेली शेपटी. सगळं मिळून ज्वारीच्या दाण्याएवढं. खडबडीत लोखंडावर खडूची रेघ तुटत जाते ना, तशी तुटक.

"डाग असेल काहीतरी," मी म्हणालो. सवयीने.

अण्णांनी डबा सरळ केला आणि बाजूवरचा नंबर वाचला. एकेक आकडा, सावकाश.

"हा नंबर तुम्हाला कुणी सांगितला?"

कुणीच नाही. आकड्यांच्या स्टिकरची शीट संपत आली होती. पाचच आकडे उरले होते, ते हाताला येतील तसे चिकटवले. मी तसं सांगितलं. मेधा चहा घेऊन दारात उभी होती, ती हळूच म्हणाली, "अहो, त्या घसरलेल्या डब्याचाच नंबर आहे. अण्णांना ताप आला की ते हाच बडबडायचे. मी तुम्हाला कधी सांगितला नाही."

मी स्टिकरची रिकामी शीट उचलून बघितली.

अण्णा आमच्याकडे बघतच नव्हते. "पाऊस होता," ते म्हणाले. "बाजूची धुतली जाणार म्हणून मी खाली वाकलो... पट्टीच्या आत दुसरी मारली. पावसात दोन मारायचो मी. आणि ही शेपटी — ही माझी खूण." मग थांबून म्हणाले, "चौकशीत मला हे आठवलंच नाही हो. खाली बघा, एवढंच तेव्हा सांगायला हवं होतं. मारली होती मी." आणि ते रडायला लागले. मलाही आवरलं नाही.

नंतर माझ्यातला क्वालिटीवाला जागा झाला. फुलीवर ओलं बोट घासलं, नख फिरवलं. निघेना. ती लॅकरच्या खाली होती. लॅकर मारण्याआधी मी दर डब्याचे खालून फोटो काढतो. शनिवारचा फोटो मोठा करून बघितला, पट्टी कोरी. फोटो आणि फवारा यांत पाच मिनिटंसुद्धा गेली नव्हती, आणि त्या वेळी गॅलरीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं. अण्णांचा हात एवढा थरथरतो की त्यांना चहाचा कपही अर्धाच भरून द्यावा लागतो. मीच नकळत काढली म्हणावं, तर ती शेपटी मला ठाऊक असायचं कारण नाही. त्या आकड्यांचं काय करायचं, तेही कळत नाही. असं वाक्य मी पहिल्यांदाच लिहितोय.

एक मात्र सांगतो. सोमवारी संध्याकाळी अण्णा फिरायला निघाले. दार ओढून घेतलं. मेधा आणि मी आत कान देऊन उभे. काठीचा आवाज जिन्यापर्यंत गेला... दुसऱ्या मजल्यावर गेला... मग पहिल्या. दार ढकलून बघायला अण्णा काही परत आले नाहीत.